घरात कुत्रे किंवा मांजर आणण्यापूर्वी कशाचा विचार करावा?

काठावरची (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरात मी, माझे पती, १० वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. गेले वर्षभर मुलीने कुत्र्याच्या पिल्लाचा ध्यास घेतला आहे. आजवर ‘पुढच्या सुट्टीत बघू’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु आता एका मैत्रिणीच्या कुत्रीला पिल्ले झाली आहेत आणि त्यांपैकी एक तिने आमच्यासाठी राखून ठेवले आहे. ते पाच आठवड्यांचे आहे. ‘जितके लहान न्याल तितका लवकर लळा लागेल,’ असे तिचे म्हणणे असल्यामुळे याच आठवड्यात ते घेऊन जावे, असा तिचा आग्रह आहे.

आम्ही दोघेही सकाळी बाहेर पडतो आणि सुमारे नऊ तासांनी परततो. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे वय ७२ आहे आणि गुडघे दुखतात. त्यांच्या माहेरी कुत्री-मांजरे कायम असत, त्यामुळे ‘चार माणसांत एक जीव सहज वाढतो, त्यात काय एवढे’ असे त्यांना वाटते. पतींचा मात्र विरोध आहे. त्यांना धुळीने शिंका येतात, शिवाय दोन महिन्यांत मुलीची हौस फिटली की सगळे आपल्या गळ्यात पडणार, अशी त्यांची खात्री आहे. मला दोघांचेही पटते, हीच माझी अडचण.

प्राणी पाळण्यातला आनंद सगळेच सांगतात. ज्यांनी अनेक वर्षे प्राण्यासोबत काढली आहेत, त्यांनी रोजचा दिवस कसा असतो, कोणत्या गोष्टीची आधी कल्पना नव्हती आणि सगळा त्रास माहीत असूनही पुन्हा तोच निर्णय घ्याल का, हे मोकळेपणाने सांगावे. कुत्र्याऐवजी मांजर आणले तर काम हलके होईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

तेरावे वर्ष

सर्वप्रथम एक विनंती: ते पिल्लू या आठवड्यात आणू नका. किमान आठ आठवडे ते आई आणि भावंडांजवळ राहायला हवे, कारण दात किती जोराने रोवायचे हे पिल्लू खेळता खेळता भावंडांकडूनच शिकते. जास्त जोराने चावले की समोरचे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबतो. हा धडा तिथे मिळाला नाही, तर तो तुमच्या मुलीच्या हातांवर गिरवला जातो. लळ्याची काळजी करू नका. आठ आठवड्यांचे होऊन आलेले पिल्लूही तितकाच जीव लावते.

माझी कुत्री आता १३ वर्षांची आहे. ती आल्यानंतरचे पहिले तीन महिने मला लख्ख आठवतात आणि त्यांत रम्य असे फार थोडे आहे. पिल्लाला लघवी किती वेळ रोखता येते याचा एक ढोबळ हिशेब असा, की त्याचे वय जितके महिने असेल त्यात एक मिळवायचा आणि तितके तास धरायचे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम तीन तास. तुमचे नऊ तास आणि त्याचे तीन तास यांचा मेळ कोण घालणार, हा तुमच्या घरातला पहिला प्रश्न आहे. बाकीचे प्रश्न त्याच्या मागून येतात. रात्रीही एक-दोनदा उठावे लागते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर नेले आणि योग्य जागी काम उरकताच कौतुक केले, तर बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत बरेच काही शिकतात. घरात घाण केली म्हणून त्यात नाक घासले किंवा आरडाओरडा केला, तर माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे एवढेच पिल्लू शिकते आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जाऊन करते.

रागावण्यावरून माझा स्वतःचा एक गैरसमज सांगतो. मी घरी आल्यावर कुरतडलेली चप्पल दिसे, कुत्री कान पाडून नजर चुकवी आणि ‘बघा, हिला चूक कळते आहे’ असे मी सगळ्यांना सांगत असे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये याच ‘अपराधी’ चेहऱ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने मालकाच्या गैरहजेरीत खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा अधिक दिसे, अगदी कुत्रे निर्दोष असतानाही. म्हणजे माझी कुत्री चपलेबद्दल नव्हे, तर माझ्या आवाजाबद्दल बोलत होती. हे वाचल्यावर मी चपला कपाटात ठेवू लागलो आणि तेरा वर्षांतला आमचा सर्वांत मोठा वाद मिटला.

लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते आणि रेबीजची लस बहुधा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात. नेमके वेळापत्रक तुमचे पशुवैद्य ठरवतील. यात एक पेच आहे, ज्याची मला कल्पना नव्हती. पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो आणि नेमक्या त्याच काळात लसी अपुऱ्या असल्यामुळे त्याला रस्त्यावर मोकळे सोडता येत नाही. मी तिला कडेवर घेऊन हिंडलो. छत्रीवाली माणसे, सायकली, लहान मुले, कुकरची शिट्टी, गाड्यांचे भोंगे, हे सगळे तिने माझ्या खांद्यावरून पाहिले आणि ऐकले. त्याचा उपयोग आजही दिसतो. ढगांच्या गडगडाटाखेरीज ती कशालाही घाबरत नाही.

आनंदाविषयी विचारले आहे, तर तो त्याच कटकटीच्या पोटात असतो, असे मी म्हणेन. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या, तर आम्ही मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास वेळा घराबाहेर पडलो आहोत. त्यांतल्या निम्म्या वेळा मला जायचे नव्हते आणि परत येताना वाईट वाटले, असे मात्र फारसे कधी झाले नाही. आता ती दर दहा पावलांवर थांबते, डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि जिना चढताना मी तिला उचलून घेतो. पुन्हा तोच निर्णय घेईन का? घेईन. पण पुन्हा पिल्लू आणीन का, याविषयी मला खात्री नाही.

दोन मांजरांचा भाडेकरू

मांजर आणले तर काम हलके होते, हे निम्मे खरे आहे. त्याला फिरवावे लागत नाही, वाळूच्या ट्रेमध्ये शी-शू करण्याची सवय ते जवळपास आपणहून लावून घेते आणि दिवसातले बारा ते सोळा तास झोपते. परंतु मांजर म्हणजे कमी कष्टाचे कुत्रे, असे समजून आणाल तर दोघांचीही निराशा होईल.

मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. तो आहारातूनच मिळावा लागतो आणि दीर्घकाळ कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होत जातात. म्हणून घरात शिजलेल्या शाकाहारी अन्नावर किंवा नुसत्या दुधावर त्याला वाढवणे शक्य नाही, आणि मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना तर दूध पचतही नाही. वाळूचा ट्रे रोज साफ व्हायला हवा आणि मांजरे जितकी असतील त्याहून एक ट्रे अधिक असावा. माझ्या बोक्याने पलंगावर लघवी करायला सुरुवात केली तेव्हा मी तो त्याचा आगाऊपणा समजलो. तपासणीत मूत्राशयाचा विकार निघाला. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसत असेल आणि लघवीचा थेंबही येत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये; मूत्रमार्ग पूर्ण तुंबला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पतींच्या शिंकांविषयी. मांजराची ॲलर्जी ही प्रामुख्याने केसांची नसते, तर त्याच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होणाऱ्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि ते प्रथिन हवेत तरंगत सगळ्या घरभर बसते. कुत्र्यांचेही साधारण असेच आहे, म्हणूनच ‘या जातीने ॲलर्जी होत नाही’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. घरात कुठे लिलीची फुले ठेवत असाल, तर तीही बंद करावी लागतील. लिलीचे पराग अंगावरून चाटले गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

माझी थोरली मांजर पहिली सहा महिने पलंगाखालून बाहेर आली नव्हती. मी तिच्याशी बोलणे सोडून दिले आणि रोज संध्याकाळी जमिनीवर बसून वाचू लागलो. ती बघत असली की मी हळूच डोळे मिटायचो आणि उघडायचो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असे आढळले आहे, की माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले तर मांजरही तसेच उत्तर देते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. मला तो अभ्यास तेव्हा ठाऊक नव्हता. मी पुस्तक वाचून पेंगत होतो इतकेच. एके दिवशी ती येऊन पुस्तकावर बसली. ते पान मी अजून वाचलेले नाही.

स्पष्टवक्ता

माझे उत्तर थोडक्यात आहे: आणू नका. दोघे नऊ तास बाहेर, सासूबाईंचे गुडघे अधू, पतींचा विरोध आणि मुलगी १० वर्षांची. कुत्रे १२-१३ वर्षे जगते असे धरले, तर ते म्हातारे होईल तेव्हा तुमची मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर असेल. म्हणजे प्राणी तिच्यासाठी आणायचा आणि त्याचे म्हातारपण तुम्ही काढायचे. हे मान्य असेल तर पुढचे बोलणे. मुलांना जबाबदारी शिकवण्यासाठी प्राणी आणतात त्यांना मी नेहमी विचारतो, की मूल ती शिकले नाही तर त्या जिवाचे काय करणार?

रिकामा पट्टा

वरचे उत्तर कठोर वाटेल, पण ते चूक आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण मी माझे कुत्रे परत दिलेले आहे. असे अनुभव सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

मी एकटी राहत होते आणि तीन महिन्यांचे पिल्लू आणले. सुरुवातीला घरून काम होते, त्यामुळे ते दिवसभर माझ्या पायाशी असे. ते सात महिन्यांचे झाले आणि मला पुन्हा कार्यालयात जावे लागले. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. दार आतून ओरबाडलेले, पडदे खाली ओढलेले, नखांतून रक्त. ‘एकटे ठेवले म्हणून सूड घेतो आहे’ असे मला कोणी तरी सांगितले आणि मी ते खरे मानले. एका दिवशी फोन चालू ठेवून त्याचे चित्रण केले, तेव्हा दिसले की मी दार लावल्यापासून चौथ्याच मिनिटाला तो धापा टाकू लागतो, येरझाऱ्या घालतो आणि मग दारावर झेप घेतो. त्यात सूड कुठेच नव्हता, निव्वळ भीती होती.

त्यावर उपाय असतो आणि तो मला नंतर कळला. एकटे राहण्याची सवय पिल्लाला पहिल्या आठवड्यापासून मिनिटामिनिटाने लावायची असते. आपण किल्ल्या उचलल्या, चप्पल घातली की त्याची घालमेल सुरू होते. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलायच्या आणि कुठेही न जाता पुन्हा खुर्चीत बसायचे. दाराबाहेर आधी अर्धे मिनिट, मग दोन, मग पाच. तो घाबरण्याच्या आत परत यायचे. हे काम महिनोन्‌महिने चालते आणि त्या काळात त्याला दिवसभर एकटे ठेवून चालत नाही. मला ते जमले नाही. जिथे दिवसभर कोणी ना कोणी घरात असते अशा एका ओळखीच्या कुटुंबाला मी तो दिला. तिथे तो सुखात आहे. भेटायला गेले तेव्हा त्याने मला ओळखले, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मग त्यांच्या आजोबांच्या खुर्चीखाली जाऊन झोपला.

तुम्हाला एक सुचवावेसे वाटते. महिनाभर कुत्र्याविना कुत्रे पाळून पाहा. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, हवा कशीही असो, घरातल्या कोणी तरी अर्धा तास बाहेर फिरून यायचे. दुपारी एकदा कोण घरी येऊ शकते ते ठरवायचे आणि प्रत्यक्ष यायचे. एकही दिवस चुकवायचा नाही, कारण कुत्रे ‘आज राहू दे’ म्हणत नाही. कोण किती वेळा गेले ते भिंतीवरच्या कागदावर लिहा. माझ्याकडे असा कागद असता, तर मी ते पिल्लू आणलेच नसते.

काठावरची

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीला आठ आठवड्यांचे सांगितले; तिने थोडी कुरकुर केली, पण सगळीच पिल्ले तोवर आईजवळ ठेवण्याचे कबूल केले आहे. कागद भिंतीवर लावला आहे. यजमानांनी तो वाचून ‘आता गंमत बघा’ एवढेच म्हटले. दोन शंका राहिल्या: पिल्लाऐवजी मोठे कुत्रे आणले तर ते घरात रुळते का? आणि सासूबाई पडण्याची भीती कितपत खरी आहे?

दवाखान्यातली

मी काही वर्षे पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते आहे. दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. सासूबाई पडण्याची भीती अगदी खरी आहे. पायात घोटाळणारे पिल्लू आणि अचानक ओढला जाणारा पट्टा या दोन्हींमुळे वयस्कर माणसे पडतात. फिरवण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नका, पट्टा मनगटाला गुंडाळण्याची सवय कोणालाच लावू नका आणि कुत्र्याची बसण्याची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका. दुपारची सोबत आणि बसल्या जागेवरून हाताने भरवलेला खाऊ, इतके काम त्यांना झेपेल आणि कुत्र्यालाही ते आवडेल.

तीन-चार वर्षांचे, शांत स्वभावाचे कुत्रे तुमच्यासारख्या घराला पिल्लापेक्षा अधिक सोयीचे पडेल, असे माझे मत आहे. त्याला जास्त तास लघवी रोखता येते, कुरतडण्याचे वय सरलेले असते आणि स्वभाव आधीच समजतो. पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजच असतो. मोठे कुत्रे लळा लावत नाही हा समज खोटा आहे. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांवरून मत बनवू नका. नव्या घरात अनेक कुत्री आधी नीट खात नाहीत, कोपरा धरून बसतात आणि खरा स्वभाव काही आठवड्यांनी दाखवतात. या काळात पाहुण्यांना बोलावून कौतुकाचा सोहळा करू नये.

मुलीला मात्र आधी तीन गोष्टी शिकवा. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवायचे नाही, खात असताना त्याच्याजवळ जायचे नाही आणि त्याच्या गळ्यात पडायचे नाही. मिठी ही माणसाची माया आहे. पुष्कळ कुत्र्यांना ती जखडल्यासारखी वाटते. ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे, ही त्याची ‘पुरे’ म्हणण्याची भाषा असते आणि ती कोणी ऐकली नाही तर ते गुरगुरते. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका. शिक्षा झालेले कुत्रे गुरगुरणे सोडते आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावते. लसीकरण झालेल्या आपल्याच कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. अनोळखी प्राणी चावला तर याबाबत एका दिवसाचीही दिरंगाई नको, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

स्वयंपाकघरातले कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नये. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम तर फारच घातक. माणसांच्या गोळ्या मनाने कधीही देऊ नका. विशेषतः मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. ‘ताप होता म्हणून अर्धी दिली’ असे सांगणारी चांगली, प्रेमळ माणसे मी दवाखान्यात पाहिली आहेत.

खर्चाबद्दल कोणी बोलले नाही. पहिल्या दिवसाचा खर्च हा खर्चच नव्हे. आहार, दरवर्षीच्या लसी, जंतनाशके, गोचीड-पिसवांवरचे औषध आणि निर्बीजीकरण यांची जुळणी होते, पण रात्री-अपरात्री उद्भवणारे आजारपण हिशेब मोडून टाकते. दरमहा थोडी रक्कम वेगळी काढून ठेवणारे मालक माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत आणि अशा वेळी निर्णय शांतपणे घेऊ शकणारेही तेच. शेवटच्या दिवसांविषयी आज सांगत नाही. ते दिवस येतील तेव्हा तुमच्या मुलीला खोलीबाहेर पाठवू नका, इतकेच.

तेरावे वर्ष

वरच्या प्रतिसादाला माझी भर एवढीच, की मोठे कुत्रे आणणार असाल तर ते नक्की करण्यापूर्वी सर्वांनी त्याला किमान दोन-तीन वेळा भेटावे. यजमानांनी तर त्याच्यासोबत बंद खोलीत तासभर बसावे. शिंका यायच्या असतील तर त्या तिथेच येऊ द्या.

काठावरची

एकवीस दिवस झाले. कागदावरचा हिशेब असा: मुलगी पहिले आठ दिवस दोन्ही वेळा, नंतर फक्त संध्याकाळी, आणि परीक्षा सुरू झाल्यापासून अजिबात नाही. मी सकाळी बारा वेळा. दुपारी घरी येणे आम्हा दोघांनाही फक्त चारदा जमले, त्यामुळे पिल्लाचा विषय आम्ही संपवला आहे आणि मैत्रिणीलाही तसे कळवले. मुलगी दोन दिवस बोलली नाही.

यजमान मात्र रात्रीच्या फेरीला एकवीसपैकी एकोणीस वेळा गेले. कारण विचारले तर म्हणतात, ‘कागद रिकामा दिसतो.’ काल ते एका चार वर्षांच्या कुत्रीला भेटून आले. तिचे मालक दूर स्थलांतर करीत आहेत आणि ती दुपारी पाच-सहा तास शांतपणे एकटी राहते, असे ते सांगतात. तासभर बसूनही यजमानांना शिंक आली नाही, फक्त डोळे थोडे चुरचुरले. त्यांची ॲलर्जीची तपासणी येत्या आठवड्यात आहे. तोवर मला कोणी एवढे सांगाल का, की तिच्या जुन्या घरातले अंथरूण न धुता तसेच आणावे, की नवे घ्यावे?

दवाखान्यातली

न धुता आणा. तिला त्या वासाचा आधार वाटेल. धुण्याची घाई पुढचा महिनाभर तरी करू नका.